माती कुणासाठी राखायची

आमच्या घरामागे मोरीचं पाणी जिथे जातं तिथे आईची टोमॅटोची चार-पाच झाडं असतात. कुणी मुद्दाम लावलेली नव्हेत. भांडी घासताना वाहून गेलेल्या बियांतून उगवलेली, कधी पिकातल्याच उरलेल्या रोपांपैकी दोन आणून खोचलेली. घरापासून शंभर पावलांवर अण्णांचा प्लॉट. तारकाठी, मल्चिंग पेपर, ठिबक, सगळं शिस्तीत. तिथला माल वीस किलोच्या क्रेटमध्ये भरून नारायणगावच्या बाजारात जातो. आमच्या कालवणात मात्र मोरीमागचे टोमॅटो.

लहानपणापासून हे बघत आलो, पण त्यात काही विचारण्यासारखं आहे असं वाटलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ऑफिसमधला एक मित्र शनिवारी गावी आला होता. जेवताना आईने हौसेने सांगितलं, "हे घरचेत, बाजारचे न्हाईत." त्याने सहज विचारलं, "म्हणजे बाजारचे तुम्ही खात नाही?" आई हसली. अण्णांनी ताटातली भाकरी मोडली. मी विषय बदलला.

परत पुण्याला येताना गाडीत तो काहीच बोलला नाही, पण मला आपण पकडले गेल्यासारखं वाटत होतं. जे स्वतः खात नाही ते दुसऱ्याला विकायचं, याला साध्या मराठीत काय म्हणतात हे मला माहीत होतं. तो मित्र कोथरूडमधून दुप्पट भावाचे 'सेंद्रिय' टोमॅटो घेतो. माझ्या बाल्कनीतही तेव्हा दोन कुंड्या होत्या आणि ओल्या कचऱ्याचं खत करायची बादली होती. म्हणजे नैतिकदृष्ट्या मी मित्राच्या बाजूला होतो आणि माझा बाप पलीकडच्या बाजूला.

पुढच्या खेपेला मी आईला विचारलं, तुझ्या झाडांना तू काय घालतेस? ती म्हणाली, राख, शेण, खरकटं पाणी. "आन पिवळी पडली की मूठभर युरिया. अण्णांच्या गोणीतला."

इथे माझा पहिला गोंधळ सुटला. आई बाजारचे टोमॅटो टाळते ते खतामुळे नव्हे, फवारणीमुळे. फुलकिडे, पांढरी माशी, नागअळी, करपा यांच्यासाठी आठवड्याला पंप चालतो, तो तिने पाहिलेला आहे, त्याचा वास तिच्या लुगड्याला लागलेला आहे. ती भीती खरी आहे. फवारणी आणि तोडा यांत किती दिवस गेले पाहिजेत हे बाटलीवर लिहिलेलं असतं. भाव चढलेला असताना ते पाळलं जातं का, हा स्वतंत्र आणि गंभीर प्रश्न आहे. त्यात अण्णांनाही मी सूट देत नाही. पण शहरात आपण 'केमिकल' या एकाच शब्दाच्या पोत्यात कीटकनाशक आणि खत दोन्ही भरतो आणि पोत्याचं तोंड बांधून टाकतो. या लेखात मला बोलायचं आहे ते फक्त खताबद्दल.

टोमॅटोचं झाड शेण खात नाही, युरियाही खात नाही. मुळांतून आत जातो तो मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियमच्या रूपातला नत्र. शेणखतातला नत्र जिवाणू सावकाश मोकळा करतात, युरियातला काही दिवसांत. मुळाशी पोचेपर्यंत दोघांची ओळख पुसली गेलेली असते. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर झाडाला फक्त इंटरफेस दिसतो, मागे कोणती सिस्टिम चालू आहे ते दिसत नाही. 'सजीवांपासून आलेलं ते वेगळं' ही समजूत १८२८ सालीच ढिली पडली होती. फ्रीडरिक व्योलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने युरिया प्रयोगशाळेत बनवला आणि तो मूत्रातल्या युरियापेक्षा कुठल्याच बाबतीत वेगळा नव्हता. तरी दोनशे वर्षांनी आपण गोणीतल्या युरियाला विष आणि गोमूत्रातल्या युरियाला अमृत म्हणतो.

"पण चव?" असं कुणीतरी म्हणणारच. आईच्या टोमॅटोची चव खरंच वेगळी असते. पण ती झाडावर लाल झालेली असतात. बाजारचा टोमॅटो हा जाड सालीचा, लांब प्रवासाला टिकावा म्हणून निवडलेला वाण असतो, आणि रंग फिरायला लागताच तोडलेला. चवीतला बराचसा फरक वाणाचा आणि तोडणीचा आहे. खताला त्याचं श्रेय देणं म्हणजे मॅच पावसाने हरल्यावर बॅटला शिव्या देण्यासारखं.

इथवर आल्यावर मला मोकळं वाटलं. बाप निर्दोष सुटला होता. 'नैसर्गिक' म्हणजे 'चांगलं' नव्हे, हे जॉन स्टुअर्ट मिलने निसर्गावरच्या निबंधात सांगून ठेवलंय. भूकंप आणि पटकीसुद्धा नैसर्गिकच. आणि हाबरने हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवून दाखवला नसता, बॉशने त्याचा कारखाना उभारला नसता, तर आज जगातल्या जवळपास निम्म्या लोकांचं अन्न पिकलंच नसतं असा अंदाज मांडला जातो. तोच हाबर १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर क्लोरीन वायू सोडायला हजर होता. ज्या हाताने पोसलं त्याच हाताने मारलं. रेणूला मात्र दोन्हीचं सोयरसुतक नाही.

पण हिशेब इथे मिटत नाही. झाडाला फरक कळत नसला तरी मातीला कळतो.

इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला ब्रॉडबाल्क नावाचं एक शेत आहे. १८४३ सालापासून तिथे गव्हावर एकच प्रयोग चालू आहे: काही पट्ट्यांना दरवर्षी शेणखत, काहींना फक्त रासायनिक खत, एकाला काहीच नाही. गंमत म्हणजे हा प्रयोग सुरू करणारे लॉज हे स्वतः सुपरफॉस्फेटचे कारखानदार. त्यांना जे दाखवायचं होतं ते दिसलं: पुरेसं रासायनिक खत दिलं तर गहू शेणखताच्या तोडीस तोड येतो, एक-दोन वर्षं नव्हे तर पिढ्यान्‌पिढ्या. पण शेणखताच्या पट्ट्यातला सेंद्रिय कर्ब काहीच न दिलेल्या पट्ट्याच्या दुपटीहून जास्त झाला, आणि रासायनिक पट्ट्यात तो फारसा हललाच नाही. पीक सारखं, जमीन वेगळी. सेंद्रिय कर्ब जास्त म्हणजे पाणी धरून ठेवणारी, भुसभुशीत, गांडुळं असलेली, चुका माफ करणारी जमीन. ती वही यंदाच्या क्रेटमध्ये दिसत नाही.

आमच्या शेतातली सेंद्रिय कर्बाची नोंद होती ०.४१ टक्के. अर्ध्या टक्क्याच्या खाली म्हणजे कमी.

ते वाचून मी अण्णांच्या मागे लागलो. साल २०२३. एप्रिलमध्ये उन्हाळी लागण होती. एक एकराच्या प्लॉटमधले वीस गुंठे पूर्ण शेणखतावर घ्यायचे, उरलेले वीस नेहमीसारखे. मी कागदावर सगळं मांडून दाखवलं. अण्णा एवढंच म्हणाले, "नत्र कुठून येनार?"

हा प्रश्न मी नीट ऐकायला हवा होता, कारण त्यात साधी त्रैराशिकं आहेत. संकरित टोमॅटोला एकरी साधारण १२० किलो नत्राची शिफारस असते. शेणखतात नत्र असतो अर्धा टक्का, म्हणजे १२० किलोसाठी २४ टन. त्यातलाही पहिल्या हंगामात फार तर तिसरा हिस्सा मोकळा होतो, म्हणजे खरं तर सत्तर टनांच्या घरात. आमच्या गोठ्यात दोन गाई आहेत. दुसरीकडे ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीत जवळपास २१ किलो नत्र असतो आणि गोणी मिळते २६६ रुपये ५० पैशांना. तेवढ्याच नत्रासाठी चार टन शेणखत लागतं. ट्रॉली, मजूर, पसरणं धरून काही हजार रुपये. २०१० साली केंद्राने बाकीच्या खतांचं अनुदान अन्नद्रव्यांच्या हिशेबाने बांधलं, युरियाला वगळलं. त्यामुळे युरिया स्वस्त राहिला आणि बाकीची खतं महागली. अण्णांना युरियाची चटक लागली असं म्हणणाऱ्यांनी ही किंमतही वाचावी. माणसाची नीती भावफलकाकडे पाठ करून उभी नसते.

तरी अण्णा तयार झाले. का, ते मला अजून नीट उलगडलेलं नाही. शिकलेल्या मुलाचा मान राखायचा म्हणून असेल.

शेणखत आणलं ते अर्धं कच्चं होतं. मी घाई केली होती. कच्च्या खतात काडी-कचरा जास्त असतो. तो कुजवायला जिवाणू उलट जमिनीतलाच नत्र ओढून घेतात. पंचविसाव्या दिवशी खालची पानं पिवळी पडायला लागली. सोबत हुमणीही आली होती, तिने काही रोपं मुळाशी कुरतडली. अण्णांचा फोन यायचा, मी पुण्यातून सांगायचो, थोडं थांबा, खत हळूहळू लागू पडेल. मी तेव्हा हिंजवडीतल्या एसीत बसून एका टिकिटावर काम करत असायचो, आणि ते दोन्ही प्लॉटच्या मधल्या बांधावर उभे असायचे. एका बाजूला हिरवंगार, दुसऱ्या बाजूला पिवळं. चाळिसाव्या दिवशी त्यांनी मला न सांगता ठिबकमधून एकोणीस-एकोणीस सोडलं. ते मला आईकडून कळलं. मी चिडलो. प्रयोग बिघडवला म्हणून. आज तो फोन आठवला की मान खाली जाते.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मे महिन्यात लोक टोमॅटो रस्त्यावर ओतत होते आणि जुलैमध्ये नारायणगावच्या बाजारात क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. गावात ज्याच्या शेतात माल होता त्याचं नशीब फळफळलं. नेहमीच्या वीस गुंठ्यांत आमचे आठशेच्या आसपास क्रेट निघाले. माझ्या वीस गुंठ्यांत चारशे तीस. फरक तीनशे सत्तर क्रेट. सरासरी बाराशेचा भाव धरला तरी चार लाख चव्वेचाळीस हजार. हा गुणाकार मी केला आहे. अण्णांनी तो माझ्यासमोर कधीच केला नाही. त्याच वर्षी बहिणीच्या लग्नासाठी सोसायटीचं कर्ज वाढवून घेतलं. माझा पगार एक तारखेला जमा होत राहिला.

तत्त्वज्ञानात याला 'नैतिक नशीब' म्हणतात. बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल यांनी १९७६ साली त्यावर चर्चा सुरू केली: कृती तीच, पण परिणाम नशिबाने वेगळा आला तर दोष कमी-जास्त होतो का? भाव मेसारखाच पडलेला राहिला असता तर माझ्या हट्टाची किंमत काही हजारांत गेली असती आणि घरात तो विनोद झाला असता. भाव चढला म्हणून तो घाव झाला. मी बराच काळ स्वतःला हेच समजावत होतो की भाव माझ्या हातात नव्हता. ते खरंच आहे. पण एक गोष्ट भावावर अवलंबून नव्हती: धोका कुणाच्या अंगावर टाकायचा, हे मी ठरवलं होतं. तत्त्व माझं आणि जमीन त्यांची. मी निदान होणाऱ्या तोट्याची हमी तरी द्यायला हवी होती. ती देण्याची ऐपत माझ्यात होती. ते सुचलंसुद्धा नाही, कारण मी जे सांगत होतो ते 'बरोबर' होतं, आणि बरोबर गोष्टीला हमी कशाला लागते?

दिवाळीत मी पुन्हा विषय काढला. या वेळी जपून. सगळं शेणखतावर नको, पण दरवर्षी थोडं थोडं घालत गेलो तर दहा वर्षांत कर्ब वाढेल, जमीन राहील. अण्णा अंगणात मल्चिंगचा फाटका पेपर गुंडाळत होते.

"तू येनार हायेस का गावाला?"

मी गप्प.

"मग माती कुनासाठी राखायची?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं, आणि मला ते देता आलं नाही.

आमच्या शेजारचं रान आता खंडाने दिलेलं आहे. मालक ठाण्याला असतो. कसणाऱ्याला जमीन मिळते एका वर्षासाठी. पुढच्या वर्षी जास्त खंड देणारा आला की ती त्याच्याकडे. शेणखताचा गुण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दिसतो. म्हणजे त्याने आज ट्रॉली ओतली तर पीक दुसरा कुणीतरी खाणार. मग तो काय करेल? लागणीला बेसल डोस, मग बारा-एकसष्ट, मग तेरा-शून्य-पंचेचाळीस, फळाचं बूड काळं पडू नये म्हणून कॅल्शियम नायट्रेट. जे घातलं ते याच हंगामात वसूल. त्याला अडाणी म्हणा, लोभी म्हणा. त्याच्या जागी मीही हेच करेन. माती राखण्याला 'उद्या'ची मालकी लागते. त्याची ती नाही, आणि ज्याची आहे तो ठाण्याला. अण्णांनंतर आमचंही रान असंच जाईल. तेव्हा पुण्यात राहणारा मालक म्हणून मीच असेन. म्हणजे रासायनिक खताविरुद्ध बोलणारा मी, आणि ज्याच्यामुळे या जमिनीत फक्त रासायनिकच पडणार आहे तोही मी.

याला एक उत्तर असं आहे की माती ना बापासाठी राखायची ना मुलासाठी. ज्याच्या हातात पडेल त्याच्यासाठी. ऐकायला छान आहे. पण न पाहिलेल्या माणसासाठी दरवर्षी वीस-पंचवीस हजार बाजूला काढा, असं आपण फक्त शेतकऱ्यालाच सांगतो. माझ्या सोसायटीत कुणी सांगून बघावं.

आणि ते का फक्त शेतकऱ्याने काढायचे? टोमॅटोचं एक क्रेट भरून गेलं की त्यातून साधारण पन्नास ग्रॅम पोटॅशियम शेत सोडून जातं. हजार क्रेट म्हणजे पन्नास किलो. नत्र, स्फुरद वेगळं. ते पुण्या-मुंबईच्या ताटात येतं, माणसातून पुढे जातं आणि गटारातून नदीत. युस्टुस फॉन लीबिग, ज्याच्या १८४०च्या पुस्तकाने खतांच्या रसायनशास्त्राचा पाया घातला, तोच पुढे चिडून म्हणू लागला होता की शहरं गावांची माती खाऊन समुद्रात सोडतात. आमच्याकडे तर हा हिशेब नकाशावर दिसतो. आमच्या रानातून धुपलेलं नायट्रेट कुकडीतून घोडीत, घोडीतून भीमेत. माझ्या फ्लॅटमधलं मुळा-मुठेतून भीमेत. दोन्ही बाप-लेक उजनीत भेटतात, आणि वर जलपर्णी हिरवीगार होते. तिला मात्र नत्राची कधी चणचण पडत नाही.

हे आपल्याकडे कुणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. इंदूरला १९२४ पासून अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची पद्धत बसवली. त्यावरचं १९३१ सालचं पुस्तक दोघांच्या नावावर आहे, हॉवर्ड आणि यशवंत वाड. जगभरचे सेंद्रियवाले हॉवर्डला ऋषी मानतात. वाडांचं नाव मी माझ्या कंपोस्टप्रेमी मित्रांपैकी एकाच्याही तोंडून ऐकलेलं नाही. त्या पद्धतीचा गाभा साधा आहे: शेतातून निघालेलं शेतात परत. शहराने ही ओळ अर्धीच उचलली. माझ्या बाल्कनीतल्या बादलीत जी सालं पडतात ती जुन्नरच्या, नाशिकच्या, सोलापूरच्या मातीची. त्यांचं खत होतं आणि माझ्या मनीप्लांटला जातं. मी तिथे पुण्य मिळवत होतो, ते दुसऱ्याच्या मुद्दलावर.

बादली मी बंद केलेली नाही. आता दोन महिन्यांनी पोत्यात भरून गाडीच्या डिकीत टाकतो आणि गावी नेतो. अण्णांना त्याचं हसू येतं. वीस गुंठ्यांना ते पोतं म्हणजे भाताच्या पातेल्यात चार दाणे मीठ. आई ते मोरीमागे ओतते.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात धनगरांची मेंढरं गावात उतरली तेव्हा अण्णांनी फोन केला. तीन रात्री वाडा बसवायचा तर किती पैसे होतील ते सांगितलं, आणि थांबले. मी म्हटलं, मी पाठवतो. ते म्हणाले, "निम्मे पाठव. रान माझंय अजून." मी निम्मे पाठवले. रासायनिक खत त्यांनी सोडलेलं नाही. युरिया थोडा कमी केला, तोही मला न विचारता, पानाचा रंग बघून.

यंदा माती परत तपासली. सेंद्रिय कर्ब ०.४४. ०.४१ वरून ०.४४ हा फरक नमुना दोन फूट इकडून-तिकडून घेतला तरी येऊ शकतो, हे मला कळतं, आणि मी ते अण्णांना सांगितलंही. त्यांनी कागद हातात घेऊन नीट पाहिला, चष्मा वर केला, परत पाहिला. मग लोखंडी कपाटातली प्लास्टिकची पिशवी काढली, ज्यात सातबारा, सोसायटीचं पासबुक आणि बहिणीची लग्नपत्रिका आहे, आणि कागदाची घडी करून त्यात ठेवला.